राज्याभिषेकाचं पदक

समितीची माणसं दारात आली तेव्हा तेवाबेच चुलीपाशी कॉफीचे दाणे भाजत होती. पुढे बेयेने होता. त्याच्या बापाची हयात याच घरची शेतं कसण्यात गेली. आता सम्राटाला गादीवरून उतरवून फौजेचं राज्य आलं होतं आणि बेयेने देब्रे बिरहान गावातल्या त्या वस्तीच्या समितीचा अध्यक्ष झाला होता.

"म्हातारे, पदक कुठंय?"

"सरदाराच्या घरात शिरताना जोडे काढ आधी!" आतून तिचा नवरा, फितावरारी किताबाचा सरदार हाब्ते, गरजला.

"काढतो की," बेयेने हसला. "तुझ्याच टाळक्यात घालायला लागतील."

सम्राटाच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत हाब्ते घोड्यावर होते. त्या दिवशी मिळालेलं सोन्याचं पदक ते सणासुदीला छातीवर मिरवत. तेवाबेचनं ते पेटीतून काढलं आणि मुकाट्यानं बेयेनेच्या हातावर ठेवलं.

"तू?" हाब्ते एवढंच म्हणाले.

"जीव तरी वाचेल तुमचा."

बेयेनेनं पदक खिशात घातलं नाही. म्हाताऱ्याचे हात मागं बांधून त्यानं ते त्याच्याच छातीवर लावलं आणि त्याला चर्चसमोरच्या पटांगणात उभं केलं. सगळी वस्ती गोळा केली.

"एकेकानं यायचं आणि पदकावर थुंकायचं. जो थुंकणार नाही, तो सरदारांचा माणूस!"

लोक आले. कुणी डोळे मिटून थुंकलं, कुणी अगदी मनापासून. पाद्रीबाबा "क्षमा करा" असं पुटपुटून थुंकले. हाब्ते ताठ उभे होते.

"चला आजी, तुमची पाळी," बेयेने म्हणाला.

तेवाबेच पुढे आली. सोनं लाळेनं माखलं होतं. तिला तिची लेक वर्केनेश आठवली. पोरीचा घसा सुजला होता, श्वास घेताना शिट्टी वाजायची. राजधानीच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. घरात विकण्याजोगं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तेवाबेचनं नवऱ्याचे पाय धरले होते, पदक विका म्हणून. "सम्राटांचा प्रसाद बाजारात मांडू? पोरी काय, होतील आणखी," ते म्हणाले होते. वर्केनेश गेली, आणि आणखी झाल्या नाहीत.

ती थुंकली. पदकावर नव्हे, तोंडावर.

 बेयेनेनं टाळ्या पिटल्या. "वा आजी! ही खरी आमची!"

हाब्त्यांना तोंड पुसता येत नव्हतं. मिशीवरून लाळ ओघळत होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

पदक बेयेनेनं ठेवून घेतलं आणि दोघांना घरी सोडलं. हाब्ते खाटेवर बसले.

"त्यांच्या भीतीनं केलंस ना? हो म्हण."

तिला हो म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

ते म्हणाले, "वर्केनेशसाठी?"

"नाव लक्षात आहे तुमच्या?"

 तिनं इंजेराची आंबूस पोळी आणि डाळीचं कालवण त्यांच्यापुढे ठेवलं. ते जेवले नाहीत. तिनं ताट ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं संपवलं.

पुढच्या आठवड्यात फौजेचा ट्रक आला आणि हाब्त्यांना घेऊन गेला. ट्रकवर चढवताना त्यांनी तिला हाक मारली, दोनदा, अगदी लग्नाच्या नवलाईत मारायचे तशी. तेवाबेच दाराला आतून पाठ लावून उभी होती. ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत तिनं कडी काढली नाही.