करंगळी न जाणारी फट

मी बोलतोय, पुढून चेपलेला पिकअप ट्रक. नाक दाबलेल्या माणसासारखा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मालक सगळ्यांना सांगतो, रानडुक्कर आडवं आलं. पहिल्या दिवशी ते वासराएवढं होतं, चौथ्या दिवशी रेड्याएवढं झालं. शिंगं मी माझ्या पदरची जोडली. खरी धडक बसली पुलाच्या कठड्याला, आणि तो बिचारा जागचा हललाही नव्हता!

माझं काम म्हणजे डोंगरावरच्या दवाखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणं. तिथला साठा उद्या दुपारपर्यंतच पुरणार होता. पण माझी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकडी राहिली, तर ब्रेक दाबताच मी डावीकडे खेचणार, आणि त्या रस्त्याला डावीकडे दरी.

गॅरेजचे म्हातारे मिस्त्री नजरेसाठी प्रसिद्ध. दोन गल्ल्या पलीकडची गाडी बघून म्हणे ते कुठे वाकलीय ते सांगत. हाताखाली त्यांची सून. सकाळपासून दोघांनी मला साखळीने ओढलं, नवं बॉनेट आणि मडगार्डं नुसती ठेवून पाहिली. मग मिस्त्री माझ्यासमोर उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "सरळ. घेऊन जा."

सून टेपने चॅसीची कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेत होती. "बाबा, डावीकडे अकरा मिलिमीटर कमी भरतंय."

"टेपला झोळ पडला असेल."

"झोळ पडला तर माप जास्त भरतं, बाबा."

"तुला शाळेत घातलं नव्हतं तेव्हापासून गाड्या सरळ करतोय मी!"

मालक घड्याळ बघत होता. "मिस्त्री म्हणतायत ना सरळ? मग चला! दवाखान्यातून तीन फोन आलेत."

मिस्त्रींचा पाना सकाळपासून तीनदा बोल्ट सोडून भलतीकडेच लागला होता. मला कळलं होतं, सुनेलाही. पण गिऱ्हाइकासमोर 'तुम्हाला दिसत नाही' म्हटलं की चाळीस वर्षांचं नाव गेलं. तिने टेप गुंडाळून खिशात टाकला.

"बाबा, बॉनेटच्या फटीत बोट घालून बघता का? मला नीट समजत नाहीये."

उजवीकडे त्यांचा अंगठा आरामात आत गेला. डावीकडे करंगळीसुद्धा जाईना. हात तिथेच राहिला.

"साखळी लाव परत," ते हळूच म्हणाले.

"अहो, पण उशीर..."

"गप बसा. दरीत तुम्ही जाल, मी नाही!"

बॉनेट उतरलं. साखळी ताणली. तुटलीच तर उडू नये म्हणून तिच्यावर जाड चटई टाकली. सुनेने साखळी ओढणाऱ्या जॅकचा पंप मारायला सुरुवात केली. माझी हाडं करकरली.

"सात राहिले... तीन... झालं बाबा, बरोबर!"

"थांबू नकोस. सोडलं की मागे येतो हा." त्यांचा तळहात माझ्या तुळईवर सपाट टेकला होता.

"जोड उलेल बाबा!"

"उलायच्या आधी हाताला कळेल. दाब."

खरं सांगतो, मी टिकेन की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. आणखी एक दाब. आणखी एक. आतून 'कट्' आवाज आला. डुकराशी झुंजलेला आमचा मालक खांबाआड गेला.

"बास!"

साखळी सैल झाली. मी चार मिलिमीटर मागे आलो. सुनेने दोन्हीकडून मोजलं, पुन्हा मोजलं. "सारखं भरतंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्री हात पुसत बसले, तेल निघून गेलं तरी पुसतच होते. मालक दवाखान्याला फोन करायला बाहेर गेला, तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे जरा."

"मंगळवारची घेतलीय. आधी दोनदा रद्द केली होती, आता नाही करणार."

"बरं," मिस्त्री म्हणाले. एवढंच.

आता मी राखाडी प्रायमर फासून, सिलिंडर पाठीवर घेऊन उभा आहे. सकाळी निघेन. डोंगराच्या वळणावर भेटलो तर मागून हॉर्न वाजवून घाई करू नका. मी सरळ चालतोय, हे अजून माझं मलाच पटायचं आहे.