हट्टी आजोबांचं सोंग

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यातली नाही. एका लेकीची आहे, तिच्या बापाची आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान थाटलेल्या एका माणसाची आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा. पुढे हसू आटलं तर मात्र मला बोल लावू नका.

तर ही लेक. तिची नोकरी काय, ते तिच्या मावशीला शेवटपर्यंत उमगलं नाही. "नेमकं करतेस काय गं तू?" मावशी विचारायची.

"शहरांना शिकवते, मावशी. पूर आला, भूकंप झाला, तर कसं सावरायचं ते."

"आणि शहरं ऐकतात? आमचा गॅसवाला ऐकत नाही."

बऱ्याच देशांनी मिळून चालवलेलं ते काम होतं. आज या देशात, उद्या त्या. तिची बॅग कधी पुरती रिकामी म्हणून झाली नाही. अशाच एका परक्या शहरात तिने एक प्रसंग उघड्या डोळ्यांनी पाहिला. पाणी चढत होतं आणि सुटका करणारी तुकडी एकाच दारात खोळंबली होती. आतल्या गृहस्थाचा नन्नाचा पाढा, बाहेर यांची गयावया. तेवढ्यात बांध फुटला. गृहस्थ गेला, तुकडी गेली, आणि त्या तुकडीची वाट बघणारी पुढची घरंही गेली. तेव्हापासून तिने एक नियम घातला. येत नाही म्हणणाऱ्याला तीनदा विनवा, मग पुढच्या दाराला चला.

निर्दय वाटतो ना? पण त्याच नियमाने ठिकठिकाणी माणसं वाचली. औषध कडू म्हणून कुणी वैद्याच्या नावाने बोटं मोडत नाही.

पुढे या कामात तिचं स्वतःचं शहर निवडलं गेलं, आणि नदीकाठची तिची स्वतःची गल्लीसुद्धा. तिला आभाळ ठेंगणं झालं. गल्लीतल्या उत्साही माणसांची तुकडी बांधली. चष्मेवाला तिचा म्होरक्या. माणूस तोंडाचा फटकळ, मनाने लोणी. सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी अडलं. हट्ट धरून घरात बसणारा माणूस कुणाला वठवताच येईना. एकदा 'चला' म्हटलं की जो तो चपला घालून उभा.

तेव्हा तिचे बाबा खुर्चीतून म्हणाले, "सरका. ते माझ्याकडे द्या."

बाबा कोर्टातले निवृत्त बेलीफ. घर खाली करा म्हणून सांगायला आयुष्यभर लोकांच्या दारात उभे राहिलेले. न निघण्याची जेवढी म्हणून कारणं माणसाच्या डोक्यात येतात तेवढी त्यांनी ऐकलेली. ती सगळी त्यांनी पोतडीतून काढली. दूध तापत ठेवलंय. मांजर व्यायलीये. जावई यायचाय. "जावई कुठला, बाबा, माझं लग्न कुठे झालंय," लेक म्हणाली, तर म्हणतात, "म्हणूनच वाट बघतोय." दारातली माणसं पोट धरून हसायची. शेवटी बाबा काठी उगारायचे आणि गरजायचे, "चालते व्हा. मी इथंच बरा." तिसरी विनवणी झाली की तुकडी पुढच्या दाराला जायची आणि बाबा मागून ओरडायचे, "दार लावून घ्या, वारा येतोय."

बायको गेल्यापासून त्या घरात असं हसू फिरकलं नव्हतं. गल्ली त्यांना हट्टी आजोबा म्हणू लागली. सराव असला की बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार.

आता इथे नीट चित्त द्या, कारण चूक इथेच आहे. बाबांचे गुडघे कामातून गेलेले. जिना उतरायचा तर दोन बाजूंनी दोघं लागायचे, आणि तरी प्रत्येक पायरीला थांबून देवाचं नाव. त्या सरावांत तुकडीने लकवा झालेल्या मास्तरांना खुर्चीसकट उतरवून पाहिलं. शेजारच्या पोटुशी सुनेला झोळीतून नेऊन पाहिलं. ती लाजली, पण गेली. बाबांना मात्र कुणी एकदाही उचललं नाही. ते सोंग करणारे होते ना, तुकडीतले, आपले. त्यांना न्यायचं नसायचं, त्यांना सोडून जायचं असायचं. जगभरच्या शहरांना शहाणपण शिकवणाऱ्या लेकीच्याही ते ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग पाणी आलं. वरच्या धरणाची दारं उघडली आणि भर दुपारी नदी गल्लीत शिरली. लेक तेव्हा दुसऱ्या एका देशात, भरल्या सभागृहात उभी राहून तोच नियम समजावून सांगत होती. फोन बंद करून बॅगेत टाकलेला. तो उघडला तेव्हा गल्ली रिकामी झाली होती. सगळे सुखरूप. मास्तर सुखरूप. शेजारची सून, तेव्हा ओली बाळंतीण, तिच्या तान्ह्यासकट सुखरूप. एक सोडून सगळे.

बाबांचे दिवस झाले. वरिष्ठांचा फोन आला. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. "नदीला लागून गल्ली, आणि बळी एकच," ते म्हणाले. "आता सगळ्या शहरांना हेच उदाहरण द्यायचं. पुढच्या सभेत तुम्हीच बोला." ती हो म्हणाली.

पण बोलायचं तर तिला आधी एक गोष्ट कळायला हवी होती. बाबांनी खरंच नको म्हटलं? की नेहमीचं सोंग केलं आणि माणसं फसली? ते नीट चष्मेवाल्यालाच माहीत होतं, विनवणी त्याने केली होती, आणि तो एकटाच तिला तोंड चुकवत होता. दिवसांना आला नाही. रस्त्यात दिसली तर समोरच्या फुटपाथवर जायचा. शेवटी एका सकाळी ती दुकानाची काच ढकलून आत गेली.

चष्मेवाला एका दांडीचा बारीक स्क्रू पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "बसा. नंबर तपासायचाय?"

"नाही."

"तपासून घ्या. या वयात वाढतो."

"दादा, मी कशाला आल्ये ते तुम्हाला माहितीये."

"बसा म्हटलं ना, ताई."

ती बसली. त्याने तिच्या नाकावर ती नंबर तपासायची जड फ्रेम ठेवली आणि तिच्यात कुठल्यातरी जाड काचा घातल्या. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं विरघळली. त्याचा चेहराही विरघळला. तो काच बदलेना, कुठली ओळ वाचा तेही म्हणेना.

"मला काही दिसत नाहीये," ती म्हणाली.

"राहू दे. तुम्ही बघत असलात तर मला सांगता यायचं नाही."

त्याने दुकानाची काच आतून लावून घेतली. मग सांगू लागला.

"पाणी घोट्याला होतं तेव्हा वर गेलो. मी आणि दोघं. बाबा पलंगावर. मी म्हटलं, चला बाबा. तर म्हणाले, मांजर व्यायलीये. आम्ही हसलो, ताई. तशात हसलो. ते पण हसले. मी दुसऱ्यांदा म्हटलं, आज खरं आहे, बाबा. म्हणाले, मला काय कळत नाही? आयुष्यभर लोकांना घराबाहेर काढलंय. तिसऱ्यांदा म्हटलं, तर म्हणाले, शेजारी बाळंतीण आहे, तिकडे जा, मी इथंच बरा."

"म्हणजे त्यांनी स्वतः पाठवलं," ती म्हणाली. तिचा आवाज उभारी धरू पाहत होता.

"तोंडाने पाठवलं."

"म्हणजे?"

"हात माझ्या बाहीला होता. सरावात काठी असायची हातात. त्या दिवशी काठी नव्हती. तोंडाने जा म्हणत होते आणि बाही सोडत नव्हते." त्याने आपली बाही धरून दाखवली. "मी एकेक बोट सोडवलं, ताई. हळूच. म्हाताऱ्या माणसाची बोटं, दुखायला नकोत म्हणून. शेजारणीला आणि बाळाला खाली उतरवलं, आणि मागे वळलो तर जिना पाण्यात, घटकेत वरचा मजलाही गेला."

फ्रेममागून तिचे डोळे वाहू लागले. तिने ती काढली नाही. त्यानेही काढली नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको. चौथ्यांदा म्हटलं असतं, तर आले असते?"

तिच्या जिभेवर खोटं आलं होतं. ते गोड होतं, दोघांनाही रात्री झोप लागली असती. पण बापाच्या बोटांबद्दल खोटं बोलायला तिचा जीव होईना.

"आले असते," ती म्हणाली.

"आणि शेजारीण?"

"तुम्ही तिघं. पाण्यातून त्यांना उचलून उतरवायला तिघंही लागले असते. आम्ही कधी करून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं. शेजारचं दार राहिलं असतं."

"हं," तो म्हणाला. मग फ्रेम उतरवून घेतली, काचा कोरड्या केल्या, खोक्यात ओळीने लावून ठेवल्या. "तुमचा नंबर काही वाढलेला नाही," म्हणाला.

सभेत ती बोलली. यशाची गोष्ट सांगायला बोलावलं होतं, तिने एवढंच सांगितलं, "आमच्या गल्लीत एक माणूस असा होता, की ज्याला उचलायचा सराव आम्ही कधीच केला नाही. कारण आम्हाला त्याचा उपयोग सापडला होता. तुमच्या गल्लीत असा कोण आहे, ते घरी जाऊन बघा. तो माझा बाप होता." नियम तिने मोडीत काढला नाही. तो अजून तसाच आहे, अजून माणसं वाचवतो. आता हट्टी म्हाताऱ्याचं सोंग करणाऱ्यालाही आधी खांद्यावर घेऊन जिना उतरवून पाहतात, मगच बसवतात.

चष्मेवाला तुकडीत परत आला नाही. तिने विचारलं, एकदा नाही, कितीदा. सरावाच्या दिवशी त्याच्या दुकानाचं शटर खाली असतं. शेजारणीचं बाळ आता पावलं टाकतं. आई त्याला कडेवर घेऊन दुकानासमोर उभी राहते, काकांना टाटा कर म्हणते. तो आतूनच हात जोडतो आणि कामाला लागतो.

मंडळी, बाबांची आठवण काढायला त्यांची लेक आहे, गल्ली आहे. देवाच्या दारी त्यांची वर्णी लागली असेल, त्याची मला शंका नाही. तुम्ही आज घरी जाल, देवापुढे दोन क्षण बसाल, तेव्हा माझं एक मागणं आहे. त्या चष्मेवाल्याची आठवण ठेवा.