उरलेली एक फरशी

फरशीच्या गोदामाचे कारकून म्हणजे मास्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे आणि मुलांना बडवायचे. बडवण्यापायी नोकरी गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आता बायकोनं टुमणं लावलं होतं, माझ्या भावाला तुमच्याकडे कायम करा म्हणून. मेहुणा भोळा, पण कामाला वाघ. कामगार त्याला हसून हाक मारायचे, मास्तरांना तशी हाक कोणी मारत नव्हतं. तेवढ्यावरून तो त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. नाही म्हणावं तर घरात रोज कटकट. साप मरावा पण काठी मोडू नये, अशी वाट त्यांना हवी होती.

ती एका आकड्यात सापडली. त्यांनी स्वतः मोजून नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर फरश्या बाजूला काढल्या.

"सगळ्या थप्प्या सारख्या उंचीच्या लाव. एकही फरशी उरता कामा नये. तीन दिवसांत जमलं तर कायम, नाहीतर घरी."

"एवढंच ना, दाजी?" मेहुणा म्हणाला.

मास्तरांना आतून गुदगुल्या झाल्या. दहा हजारांच्या आतली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर तिला कशानंच भाग जात नाही. जन्मभर रचलं असतं तरी जमलं नसतं.

मेहुण्यानं बाराबाराच्या थप्प्या लावल्या, एक उरली. मोडून अठराच्या लावल्या, एक उरली. बोटं सोलवटली, पाठीचा काटा ढिला झाला. छत्तीसच्या लावल्या, तरी एक उरलीच. मास्तर चहाचा कप घेऊन दारातून बघत राहिले. माणूस नीच होता, दुसरा शब्द नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दोनशे सत्त्याहत्तर थप्प्या उभ्या होत्या आणि जमिनीवर एकही फरशी नव्हती. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"छत्तीस गुणिले दोनशे सत्त्याहत्तर," मास्तर मोठ्यानं म्हणाले, "नऊ हजार नऊशे बहात्तर. एक कुठं गेली? चोरलीस?"

मेहुण्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं. डबा उचलून खालमानेनं निघून गेला.

संध्याकाळी बायकोनं ताटाशेजारी फरशी ठेवली.

"काल आणून दिली त्यानं. म्हणाला, ताई, कसंही रच, एकच जास्त होते. दाजींची मोजण्यात चूक झाली असणार. मालकाला कळलं तर नोकरी जाईल त्यांची. तू लपवून ठेव, त्यांना बोलू नकोस, लागेल त्यांना." तिला रडू फुटलं. "कामगारांकडून कळलं मला. चोर म्हणालात, तरी चारचौघांत तुमची चूक काढली नाही हो त्यानं."

मास्तरांनी घास गिळला. फरशी उलटीसुलटी करून पाहिली. कोपरे शाबूत होते.

"मी मोजण्यात चुकत नाही," ते म्हणाले. "उद्या नेऊन ठेवतो. भात वाढ."