आधी आकडा सांगा

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या ताईंना त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या प्रत्येक ऑपरेशनचा दर तोंडपाठ होता. पण सांगायचा नाही, असा वरून हुकूम! कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "ॲडमिट झाल्यावर कळेल." अकरा वर्षं ताईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. नोकरी म्हणजे नोकरी, दुसरं काय!

घड्याळं दुरुस्त करणारे काका पहिल्यांदा आले ते दोन वर्षांपूर्वी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बारके स्क्रू दिसेनासे झालेले.

"ताई, मी घड्याळ उघडून बघतो, आकडा सांगतो, गिऱ्हाईक हो म्हणालं तरच हात लावतो. तुम्हीही सांगा की!"

ताई हसल्या आणि ठरलेलं बोलल्या. इकडे शेजाऱ्याने काकांच्या डोक्यात 'ऑपरेशनला लाखभर तरी लागतील' असा किडा सोडून दिलेला. किंमत न कळता टेबलावर आडवा होणारा तो माणूसच नव्हे. गेले परत. वर्षाने पुन्हा आले.

"अहो, निदान अंदाज तरी? काम हातातून निसटत चाललंय माझ्या."

ताईंचा जीव तुटला, पण तोंड काही उघडलं नाही.

आणि या सोमवारी नवा नियम आला, सगळे दर भिंतीवर लावा! खिडकीशेजारी हा भला मोठा फलक लागला. अकरा वर्षांचं गुपित, आता येणारा-जाणारा त्याचे फोटो काढत होता.

दुपारी काका भिंत चाचपत आले. नेमके फलकाला पाठ लावून उभे राहिले नि म्हणाले, "ताई, शेवटचं विचारतो. किती?"

"चौदा हजार, काका. एका डोळ्याचे. लेन्स, औषधं सगळं धरून."

"चौदा? आणि दोन वर्षांपूर्वी?"

थाप मारता आली असती. पण ताईंना त्या थापांचाच वीट आला होता. "तेव्हा तेरा."

"तेव्हा तीस होते माझ्याकडे," काका म्हणाले. "लाख जमेनात म्हणून थांबलो. गेल्या महिन्यात दुकान विकलं. हत्यारंसुद्धा दिली."

आवाज चढला नाही की काही नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच माझं, काका," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

"असू दे. तारीख द्या."

ताईंनी फॉर्म ओढला. नाव, वय, पत्ता भरून झालं. पुढचा रकाना आला.

"काका... व्यवसाय?"

"काही नाही."

पेन जागचं हलेना.

"लिहा ना, ताई," काका समजुतीने म्हणाले, "मागे लोक खोळंबलेत."