सिमेंटखाली झिजलेली भिंत

मित्रांनो, जर्मनीतल्या नेकारसुल्म शहराजवळच्या एका खेड्यात, द्राक्षमळे संपतात तिथे मी उभे आहे. मी एक जुने चर्च. १७४८ साली गावकऱ्यांनी जवळच्या खाणीतला पिवळसर वालुकाश्म आणला आणि चुन्यात बसवून मला बांधले. आत लाकडी सज्जा, वर चौकोनी मनोरा. पावसाचे पाणी भिंतींत शिरे आणि चुन्यातून पुन्हा सुकून जाई. दोनशे वर्षे मला काही झाले नाही.

१९६४ साली गावच्या तरुणांनी सुट्टीच्या दिवशी खपून मला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. त्यांत चोवीस वर्षांचा वेबर होता. "अगदी नवे दिसते!" असे सगळे म्हणाले. मलाही बरे वाटले. तेव्हापासून आत शिरलेले पाणी आतच राहू लागले.

हळूहळू तरुण गाव सोडून गेले. रविवारी नऊ माणसे उरली. माझी किल्ली म्हाताऱ्या वेबरकडे राहिली.

२०१६ साली स्नेहलता ही संशोधक माझा ओलावा मोजायला आली. सोबत फलटणहून आलेले तिचे वडील दत्तात्रय होते. त्यांचा सारा जन्म गवंडीकामात गेला होता. त्यांनी बोटांनी भिंत वाजवली.

"बाबा, हात नका लावू. परवानगी फक्त यंत्राची आहे."

"अगं, भिंत आहे ती, तुझ्या सासूबाई नव्हेत! आतून पोकळ वाजतेय. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापणारा शहाणा कोण?"

ते काय म्हणतात, असे दार उघडायला किल्ली घेऊन आलेल्या वेबरने विचारले. स्नेहलताने जरा अडखळत सांगितले.

"गेनाऊ, बरोबर बोलतात," वेबर म्हणाला. "तो शहाणा मीच."

गिलावा काढला तर मी वाचेन, अशी आशा त्याला होती. मनोऱ्याच्या पायाशी हातभर गिलावा काढून पाहिला. त्याच्याबरोबर दगडही भुगा होऊन गळला. मनोरा टिकणार नाही, असे स्नेहलताने अहवालात लिहिले.

मनोऱ्याखालून मुलांची शाळेची वाट जाते. मला पाडण्याचा ठराव आला, तेव्हा पहिला हात वेबरने वर केला.

काल शेवटची प्रार्थना झाली. बायबल आणि मेणबत्त्या बाहेर नेल्या. सोमवारी पाडकाम सुरू होईल.

मित्रांनो, जुन्या वास्तूवर तुमची माया असेल, तर हात घालण्याआधी ती कशी बांधली आहे, हे जाणत्या गवंड्याला विचारा. वेबरला तेव्हा कुणी सांगितले नाही. आज तो सकाळपासून फाटकापाशी उभा आहे. आत यायला धजत नाही, आणि मला त्याला हाक मारता येत नाही.