अंगठ्याला पाठ असलेला शब्द

मित्रांनो, माझी बॅटरी फुगून गेली आहे, पडदा काळा पडला आहे आणि कोणी कितीही फोन केले तरी आता मला वाजता येत नाही. तरीसुद्धा माझी हकिगत तुम्हाला सांगावी असं मनात आहे. मी बटणांचा जुना मोबाईल आहे. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात अण्णासाहेब नावाच्या गवंड्याच्या घरी राहतो.

माझे भाग कोणी जोडले, कुठे जोडले, हे मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण भोकरदनच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची आहे. शेजारी मोठ्या पडद्यांचे चकचकीत फोन होते आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच बघत. अण्णासाहेबांनी मात्र मला उचललं, एकेक बटण दाबून पाहिलं आणि दुकानदाराला सांगितलं की हाच द्या. सिमेंटने चिरलेला त्यांचा अंगठा काचेच्या पडद्याला समजतच नसे. माझ्या बटणांना तो बरोबर समजत होता.

मग मी त्यांच्या शर्टाच्या खिशात बसून परांचीवर चढू लागलो. उन्हात तापलो, चुन्यात पडलो. माझ्या पाचाच्या बटणाच्या कडेला अजून थोडं सिमेंट चिकटलेलं आहे. दिवस मावळला की माझ्या दिव्याच्या उजेडात ते घराची वाट चालत आणि लोकांना सांगत, "लहान हाय, पण कामाचा हाय." असं कौतुक ऐकलं की मला फार बरं वाटे.

अण्णासाहेब लहानपणी शाळेत गेले नव्हते. मराठी अक्षरं ते चाळिशी उलटल्यावर विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात शिकले. इंग्रजी अक्षरं त्यांना ज्योत्स्नाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, माझ्यावर शिकवली. पाटी नाही, पुस्तक नाही, माझी बटणंच. त्यामुळे एक गंमत झाली. त्यांना ए बी सी डी ओळीने कधीच म्हणता आली नाही. त्यांच्यासाठी सी म्हणजे दोनाच्या बटणावर तीनदा दाबणं आणि एम म्हणजे सहाच्या बटणावर एकदा. अक्षर त्यांना नावाने कमी आणि जागेने जास्त ठाऊक होतं.

ज्योत्स्ना बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. माझ्यात थोडंसं इंटरनेट चालायचं. माझ्या त्या चिमुकल्या पडद्यावर, डोळे बारीक करून, तिने प्रवेशाच्या वेबसाईटवर आपलं खातं उघडलं. माझाच नंबर तिथे दिला. अर्धं काम झालं आणि भाकरीची वेळ झाली. वेबसाईट पासवर्ड मागत होती, आणि ज्योत्स्नाचे हात पिठाचे. ती बापाला म्हणाली की तुम्हीच टाका एखादं नाव आणि पुढे एक आकडा, पण ध्यानात ठेवा. अण्णासाहेबांनी मला दिव्याखाली नेलं, खूप विचार केला आणि अंगठ्याने सावकाश एक शब्द टाकला. पुढे जेव्हा जेव्हा खातं उघडायचं असे, तेव्हा ज्योत्स्ना मला त्यांच्यापुढे धरी. ते शब्द टाकत आणि मला परत देत. घरातलं ते त्यांचं मानाचं काम होतं.

तो शब्द कोणता, ते मला विचारू नका. माझ्यावर विश्वासाने टाकलेला शब्द मी कसा सांगू?

उन्हाळ्यात माझी बॅटरी फुगली. त्याच सुमारास पाहुण्यांनी अण्णासाहेबांना मोठ्या पडद्याचा फोन दिला, नव्या नंबरासकट. माझ्या सिमकार्डात पैसे भरायचं राहून गेलं आणि पुढे तो नंबर बंद पडला. मला एका डब्यात ठेवलं. डब्यात सुतळी होती, भिंत सरळ आहे का ते पाहायचा मोडका ओळंबा होता आणि मी होतो. डब्याचं झाकण कोणी उघडत नसे. मला वाटलं, आपलं आयुष्य इथे संपलं.

एक दिवस झाकण उघडलं. ज्योत्स्नाचा चेहरा उतरलेला होता. जालन्याच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती, पण ती सूचना गेली होती माझ्या जुन्या नंबरावर. मैत्रिणीने यादीत नाव पाहून कळवलं तेव्हा शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी पाचच्या आत खात्यात जाऊन जागा मान्य आहे असं कळवायचं, नाही तर ती जागा पुढच्या मुलीला. आणि पासवर्ड अण्णासाहेबांना काही केल्या आठवत नव्हता. नव्या फोनच्या पडद्यावर अक्षरं वेगळ्याच रांगांत मांडलेली होती. अण्णासाहेब त्यांच्याकडे परक्या गावात आल्यासारखे बघत होते. घरातल्या सगळ्यांची नावं घालून झाली. एकही चाललं नाही.

"भिंत ओळंब्यात उभी करता," ज्योत्स्नाची आई मीना म्हणाली, "अन् एक शब्द ध्यानात राहीना तुमच्या."

अण्णासाहेबांनी मान खाली घातली.

पासवर्ड विसरला असेल तर वेबसाईट नवा करू देत होती, पण त्यासाठीचा आकडा माझ्याच नंबरावर येणार होता. ज्योत्स्नाने त्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडे एक अनोळखी माणूस बोलला. तो नंबर आता त्याचा होता. तिने हात जोडल्यासारख्या आवाजात सगळं सांगितलं आणि तुम्हाला आलेला आकडा तेवढा सांगा, असं विनवलं.

"ताई, तू ओटीपी मागून राह्यली," तो माणूस म्हणाला. "टीव्हीवर रोज सांगतेत, कोणाला देऊ नका. मी न्हाई देणार." आणि त्याने फोन ठेवला.

"बराबर बोलला तो," अण्णासाहेब म्हणाले. "मी बी दिला नसता."

मीनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून मला खिशात घालून बाहेर पडले. ज्योत्स्ना मागोमाग निघाली.

भोकरदनला दुरुस्तीवाल्याने मला खोललं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. हा आता चालू होणार नाही, म्हणाला. मग दोघं शेजारच्या प्रितमच्या दुकानात गेले. तो लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतो. त्याने संगणकावर खातं काढलं आणि सांगितलं, "काका, दोनच संधी राह्यल्या. त्या चुकल्या तर खातं उद्यापर्यंत बंद."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने ओढणीने टिपलं. अण्णासाहेब बाकावर बसून मला हातात फिरवत राहिले, जसं माणूस विचारात असताना काडी फिरवतो. आणि मित्रांनो, तेव्हा मला ते जाणवलं. त्यांचा अंगठा सरकला. एका बटणावर गेला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. तेच वळण, तोच दाब. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्यात आवाज कुठे होता?

ज्योत्स्नाची नजर त्या अंगठ्यावर गेली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आता केलं ते पुन्हा करा. विचार करू नका. खातं उघडायला मी फोन तुमच्यापुढं धरला, असं समजा."

त्यांनी केलं. ती वाकून बघत होती आणि कोणत्या बटणावर किती वेळा ते मनात धरत होती. मग तिने संगणकावर तो शब्द टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. चुकलं.

आता एकच संधी होती. अण्णासाहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा माझ्या अगदी खालच्या, उजव्या कोपऱ्यातल्या बटणावर टेकवला.

"माय, थांब. आधी हे. मोठं अक्षर कराया. तूच सांगितल्तं मला, नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं म्हणून."

हे बटण ते इतकं हलकं दाबत की ज्योत्स्नाला दिसलंच नव्हतं. तिने पुन्हा शब्द टाकला, पहिलं अक्षर मोठं करून. क्षणभर पडदा पांढरा राहिला. मग खातं उघडलं. वर ज्योत्स्नाचं नाव होतं आणि खाली जालन्याच्या कॉलेजचं.

ज्योत्स्ना आधी रडली आणि मग एकदम हसायला लागली.

"बाबा, आपल्या शेळीचं नाव ठेवलं व्हय?"

"मंग काय करू," अण्णासाहेब ओशाळून म्हणाले. "घरातल्यांची नावं समद्यांला ठाऊक. तिचं कोण टाकून बघंल?"

प्रितमने जागा मान्य केल्याचं नोंदवलं, कागद छापून दिला आणि चहा मागवला. पाच वाजायला अजून वेळ होता. अण्णासाहेबांनी मला खिशात टाकलं, घोट घेतला आणि इतका मोठा श्वास सोडला की मी त्यांच्या खिशात हललो. ज्योत्स्नाने तिथेच खात्यात चालू नंबर घातला आणि पासवर्ड बदलायला घेतला. प्रितम पुढे झाला, मी टाकून देतो म्हणाला. तिने त्याला थांबवलं आणि संगणकाचा कीबोर्ड बापापुढे सरकवला. अण्णासाहेब एकेक अक्षर शोधत राहिले. एक सापडायला फार वेळ लागला. ज्योत्स्ना शेजारी चहा पीत बसली. तिने बोट दाखवलं नाही, घाईही केली नाही.

मित्रांनो, जुना नंबर सोडण्याआधी तो कुठे कुठे दिला आहे ते आठवा आणि तिथे नवा घाला. आपला शब्द आणि आलेला आकडा कोणालाही सांगू नका. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी उशिरा अक्षरं शिकलं असेल आणि फोन हातात घेऊन एकेक बटण शोधत असेल, तर "आणा इकडं" म्हणून त्याच्या हातातून फोन ओढून घेऊ नका. शेजारी बसा. त्याला ते अक्षर सापडेपर्यंत थांबा.