फुगण्यासाठी ठेवलेली फट

लेकीच्या अश्दोदच्या घराचं समुद्राकडचं दार दर हिवाळ्यात तिथल्या पावसाने फुगायचं, आणि मी बेरशेबाहून रंधा घेऊन बसने जायचो. एकोणीस वर्षं. बसस्टँडवर पिशवी तपासणारा प्रत्येक वेळी रंधा बाहेर काढून उलटसुलट पाहायचा. बहात्तराव्या वर्षी मला या सगळ्याचा वीट आला. लेकीला, लिराझला सांगून टाकलं, थकलो मी, एक शेवटचं दार करतो, मग मला मोकळं कर.

जावई यारोनने फिनलंडचं भाजलेलं पाइन आणलं. भट्टीत वाफेवर दोनशे अंशांच्या वर तापवलेलं, कॉफीच्या रंगाचं, वजनाला हलकं. रसायनाचा थेंब नाही, तरी कुजत नाही, पाणी पीत नाही, वाकत नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. तुळईला मात्र वापरू नका, ठिसूळ असतं, हेही सांगितलं. माणूस प्रामाणिक निघाला. मी मूळचा कोकणातल्या रेवदंड्याचा सुतार, सागवानावर वाढलेला, म्हणून नाक मुरडलं. पण एक तुकडा चार दिवस बादलीत बुडवून मोजला, तर फरक केसभर. सागवान सोडून दुसऱ्या लाकडाला मी आयुष्यात पहिल्यांदा मानलं.

दार बसवलं. पाऊस आला, गेला. लिराझचे फोन यायचे, पण दाराचं नाव नाही. मी हत्यारांना तेल लावून ती कपाटात टाकली आणि पाय पसरून बसलो.

फेब्रुवारीत यारोन सहज बोलून गेला, की धाकटी नात मायान महिनाभर खोकतेय, दारातून वारा येतो. तशीच बस धरली. चौकटीच्या कडेला टॉवेल कोंबलेला होता. पाहताक्षणी कळलं. दार बसवताना दोन नाण्यांएवढी फट ठेवायची, पावसात लाकूड फुगून ती भरते, हे वडिलांनी कोकणात शिकवलेलं. पन्नास वर्षं हातांनी तेच केलं. हे लाकूड फुगत नाही हे स्वतः मोजूनही मी त्याला फुगायला जागा ठेवली होती.

"लाकूड फस्क्लास आहे," मी लिराझला म्हणालो. "चूक माझ्या हातची. तू सांगितलं का नाहीस?"

ती हिब्रूतच म्हणाली, "थकलो म्हणाला होतात ना, अबा."

मला दोन बस बदलाव्या लागू नयेत म्हणून पोरीने अख्खा हिवाळा गारठ्यात काढला होता.

त्याच लाकडाची पट्टी कापून फटीवर बसवली. आधी भोकं पाडून, कारण सरळ स्क्रू पिळला तर ते तडकतं. दार गच्च लागलं. आता त्याला माझी गरज उरली नव्हती, हवं होतं तेच झालं.

निघताना लिराझने विचारलं, "मग आता कधी येणार?"

हे तिने पूर्वी कधी विचारलंच नव्हतं. दार अडलं की मी येणार, हे ठरलेलं. एकोणीस वर्षांत लेकीकडे नुसता जेवायला म्हणून मी एकदाही गेलो नव्हतो. लाज वाटली. गुडघे ठणकत होते, तरी शुक्रवारी जेवायला येतो म्हणालो.

ती हसली. तिचा विश्वास बसला नव्हता.